मंगलाष्टकातली शिट्टी

माझी बोटं स्वस्थ बसत नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाही, आमच्या घरात ही तक्रार आहे. जेवायला बसलो की ती ताटाच्या कडेवर वाजतात, एसटीत बसलो की पुढच्या सीटच्या दांड्यावर, आणि झोपेत, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, तिच्या पाठीवर. “सम आली की सांगत जा,” ती एकदा म्हणाली, “म्हणजे मला कूस तरी बदलता येईल.”

नांदेडात मी कीबोर्ड वाजवतो. लग्नं, हळदी, जयंत्या, शाळांची गॅदरिंगं, निरोप समारंभ, कुणीही बोलवावं. एके काळी आमचा भरगच्च ऑर्केस्ट्रा होता. एका जीपमध्ये मावायचो नाही. मग ढोलकीवाला मुलाकडं पुण्याला गेला, क्लॅरिनेटवाल्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, गिटारवाला एका पतसंस्थेत चिकटला आणि आता रस्त्यात भेटला तर माझ्याशी साहेबासारखा बोलतो. उरलो मी आणि माझा लॅपटॉप.

त्या लॅपटॉपात एक सॅम्पलर आहे. सॅम्पलर म्हणजे काय, हे मला दर लग्नात कुणीतरी विचारतंच, म्हणून इथंही सांगून टाकतो. गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्यावर यात्रेकरूंची लॉजेस आहेत, तसं एक लॉज समजा. सोळा खोल्या. प्रत्येक खोलीत एक वादक झोपलेला. सनईवाला, पेटीवाला, तानपुरा, हलगी, ताशा, संबळ. खऱ्या माणसांनी वाजवलेले खरे सूर एकेक करून रेकॉर्ड केलेले, आणि खोलीत नेऊन ठेवलेले. मी कीबोर्डची कळ दाबतो म्हणजे त्या खोलीची बेल वाजवतो. आतला माणूस उठतो, आपला एक सूर लावतो, बोट उचललं की पुन्हा झोपतो. डावीकडच्या कळांवर हलगी-ताशाची मंडळी, मधल्या कळांवर तानपुरा आणि पेटी, उजवीकडं सनई. दोन हात आणि सोळा माणसं. मला दुसऱ्या कुठल्याही धंद्यात एवढा हुकूम गाजवता आला नसता.

अडचण एकच. बेल वाजणं आणि माणूस उठणं, यांच्यामध्ये क्षणाचा एक तुकडा जातो. तो तुकडा कमी करायला जावं तर लॅपटॉपला धाप लागते आणि सनईतून फुटाणे फुटायला लागतात. वाढवावा तर मी आत्ता वाजवलेलं थोड्या वेळानं ऐकू येतं आणि मी स्वतःच स्वतःच्या मागं पळत सुटतो. त्यामुळं कार्यक्रम चालू असताना माझा एक डोळा कळांवर, एक डोळा पडद्यावर आणि कान पंख्याच्या घरघरीवर. मी सुखानं वाजवतोय असं ज्याला वाटतं, त्यानं फक्त माझा चेहरा पाहिलेला असतो. चेहरा मी पहिल्यापासून चांगला ठेवतो.

वाद्यांचे आवाज विकत मिळतात, पण आपल्याकडचे सगळेच मिळत नाहीत. शिट्टी घ्या. आमच्याकडं हळदीत हलगी वाजली आणि शिट्टी पडली नाही तर नाचणारे थांबून विचारतात, कुणी गेलं काय? आणि शिट्टीच्या बाबतीत मी नशीबवान, कारण माझा मेव्हणा. अर्धापूरला त्याची केळीची बाग आहे. दोन बोटं तोंडात घालून तो शिट्टी मारतो तेव्हा पलीकडच्या शिवारातली कुत्री उठून उभी राहतात. मी त्याला बागेत उभं केलं, रेकॉर्डर समोर धरला आणि दोन शिट्ट्या घेतल्या. एक आखूड, एक लांब. लांब शिट्टीला शेवटी एक वळण होतं, वर जाऊन मुरकणारं. ते फक्त त्याचंच.

“दाजी, नीट ठेवा,” तो तोंड पुसत म्हणाला. “असला माल बाजारात मिळत न्हाई.”

मी त्या दोन्ही शिट्ट्या हलगी-ताशाच्या मोहल्ल्यात शेवटच्या दोन कळांवर ठेवल्या, आधी लांब, मग आखूड, अगदी सीमेवर. सीमेपलीकडची पहिली कळ म्हणजे तानपुऱ्याचा सा.

एवढा भूगोल लक्षात ठेवा. आता माझ्या बहिणीकडं लातूरला चला.

अक्का माझ्याहून मोठी. आमच्या सगळ्या गोतावळ्यात मंगलाष्टकं तिनंच म्हणायची, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणी माइकला हात लावला तर लोक भटजींकडं चौकशी करायचे. लग्न लागताना दोघांच्या मध्ये अंतरपाट धरलेला असतो, भटजी एक कडवं म्हणतात, आणि मग माइक अक्काकडं. नवरा-नवरीवर स्वतः रचलेली कडवी. त्यांत माया असायची आणि चिमटेही. माझ्या लग्नातल्या कडव्यात तिनं माझ्या बोटांचा उल्लेख केला होता. बायको अजून म्हणते, सूचना वेळेवर मिळाली होती, मीच लक्ष दिलं नाही.

मग अक्काच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ. गाठ निघाली, बाई ठणठणीत झाली, पण आवाज खाली उतरला. पेटीच्या भाषेत सांगायचं तर तिची पट्टी काळी चार. ती आता दोन घरं खाली, काळी तीनवर आली होती, आणि तिथंही वर जाताना पाय डगमगायचा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, गात राहा. ती एका पाहुण्यांच्या लग्नात गायलीही. वरचा लांब सूर लावताना आवाज चिरकला आणि समोरच्या खुर्च्यांतून कुणीतरी हसलं. कोण हसलं, हे तिला दिसलं नाही. त्या दिवसापासून ती स्वयंपाक करतानाही गुणगुणेनाशी झाली.

आणि आता तिच्याच मुलीचं लग्न ठरलं होतं. लातूरजवळच्या मुरूडला, नवऱ्याकडच्यांच्या गावात, दुपारचा मुहूर्त.

भाचीचा फोन आला. ती इंजिनिअर आहे, रडारड तिच्या स्वभावात नाही. “मामा,” ती म्हणाली, “आई म्हणते भटजीच सगळी मंगलाष्टकं म्हणतील. हॉल कसलाही चालेल मला, जेवण कसलंही चालेल. पण आई गायली न्हाई तर मला लग्न लागल्यासारखं वाटणार न्हाई. तुम्ही काहीतरी करा.”

काहीतरी करा, हे माझ्यासारख्याला सांगायचं म्हणजे माकडाला झाड दाखवायचं. मी कीबोर्ड पाठीला लावून लातूरची एसटी पकडली.

अक्का भाजी निवडत बसली होती. मी पुढ्यात बसलो, चहा घेतला, विषय काढला.

“मला न्हाई जमत,” ती म्हणाली. “आणि पोरीच्या आईनं अक्षता पडताना बघू न्हाई. मी तुळशीला पाणी घालत बसणार. आपल्यात तसंच हाय.”

“आपल्यात? कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“अक्का, माझ्या लग्नात सासूबाई सगळ्यांच्या पुढं उभ्या होत्या. भटजींना दिसेना म्हणून त्यांना बाजूला करावं लागलं.”

“त्यांच्यात नसंल.”

पोरीच्या आईनं लग्न लागताना पाहू नये, मागं तुळशीपाशी बसावं, ही चाल आहे खरी. पुष्कळ घरांत पाळतात. आमच्या घरात ती त्याच आठवड्यात सुरू झाली होती. पण मी भांडलो नाही. मी ती चाल दोन्ही हातांनी कवटाळली.

“बरोबर हाय,” मी म्हणालो. “बघूच नको. मागं तुळशीपाशी बस, पाणी घाल. माइक मी तिथं आणून देतो. तुला कुणी दिसणार न्हाई, कुणाला तू दिसणार न्हाईस. चाल पण राहिली आणि गाणं पण राहिलं.”

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. “आणि आवाज चिरकला म्हणजे?”

“मी हाय ना. तानपुरा, पेटी, सनई. तुझा आवाज मी सोळा जणांच्या घोळक्यात असा लपवतो की तुला स्वतःलाच सापडणार न्हाई.”

“लई शहाणा हायस,” ती म्हणाली. आमच्याकडं याचा अर्थ होकार होतो.

दोन दिवस आम्ही तालीम केली. काळी तीन. इथं मला माझ्या विद्येबद्दल थोडं सांगायला हवं. मी आयुष्यभर एकाच पट्टीत वाजवत आलोय, पांढरी एक. बोटं तीच चाल ओळखतात. गायकाची पट्टी दुसरी असली की कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, ते दाबायचं. बोटं जिथल्या तिथं, सूर मात्र वर नाहीतर खाली. आमच्या भागातले सगळे कीबोर्डवाले असेच जगतात. सॅम्पलरमध्ये मात्र ते बटण दाबायचं नसतं. तिथं आत जाऊन, लॅपटॉपवर, एकेका वाद्याचा सूर खाली उतरवावा लागतो. मी तसं अगदी निगुतीनं केलं. तानपुरा उतरवला, पेटी उतरवली, सनई उतरवली. अक्का खालच्या आवाजात, दारं लावून, गायली. शेजारीण काय वाजतंय म्हणून डोकावली, तर अक्कानं तिला टीव्ही आहे म्हणून सांगितलं.

हळदीच्या दिवशी मेव्हणा त्याच्या पिकअपमधून आम्हाला नांदेडहून घेऊन निघाला. गाडीला केळीचा वास, मागं माझा कीबोर्ड रजईत गुंडाळलेला, पुढं मी, बायको आणि तो. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी दर खड्ड्याला मागं वळून बघत होतो.

“दाजी, मान मोडंल,” तो म्हणाला. “लेकराला पण इतकं कुणी बघत न्हाई.”

“लेकरू पडलं तर रडतं तरी,” बायको म्हणाली. “ते पडलं तर हे रडतात.”

मुरूडला संध्याकाळी हळद जोरात झाली. हलगी, ताशा, आणि दर दोन मिनिटांनी माझ्या बोटाखालून मेव्हण्याची शिट्टी. तो स्वतः नाचत होता आणि प्रत्येक शिट्टीला माझ्याकडं बोट करून छाती ठोकत होता. सगळ्या मांडवाला कळलं की शिट्टी याची.

हळद झाल्यावर मी हलगीची मंडळी सॅम्पलरमधून काढून टाकायला हवी होती का? होय. पण माझा लॅपटॉप वयस्कर आहे. एकदा सोळा जण आत घेतले की त्यांना हलवायला तो फार वेळ लावतो आणि कधीकधी मध्येच बसकण मारतो. झोपलेत तर झोपू द्या, म्हणून मी त्यांना तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. आमच्यात मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. मी मामा आणि मीच वादक, म्हणून कीबोर्डचा स्टँड थेट स्टेजवर, नवरीच्या पाटामागं. लॅपटॉप शेजारच्या स्टुलावर. डोक्यावर फेटा. साउंडवाले चाचा लातूरचे, कैक वर्षं याच धंद्यात, दातात वायर धरून चढले आणि इकडं तिकडं पाहू लागले.

“मास्टर, बाकी पार्टी किधर है? माइक कित्ते लगाऊं?”

“चाचा, एकच वायर.”

“एक?” त्यांनी माझ्याकडं, मग लॅपटॉपकडं पाहिलं. “हौर बाकी लोगां?”

“अंदर सो रहे.”

चाचांनी वायर दातातून काढली, पिन खोचली आणि उतरले. मात्र अक्कासाठीचा माइक त्यांनी मागच्या खिडकीतून अगदी जपून सोडला. हॉलच्या मागच्या अंगणात तुळस होती. अक्का तिथं पाट टाकून बसली होती, हातात तांब्या. मधे भिंत. माझ्याकडून तिच्याकडं फक्त आवाज जाणार होता, आणि तिच्याकडून माझ्याकडंही.

नवरदेव मारुतीच्या देवळाकडून वाजतगाजत निघाला होता आणि पोचतच नव्हता. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. पंख्याची घरघर वाढलेली. बाहेर ऊन, आत पाचशे माणसांचा उकाडा, आणि लॅपटॉपच्या पोटाला हात लावला तर भाकरी शेकली असती. नवरदेव दारात आला म्हणून गलका झाला आणि तेवढ्यात बायको मागच्या बाजूनं पळत आली.

“अक्का म्हणतात अजून खाली घ्या. त्यांचा गळा धरलाय. पांढरी तीन म्हणतात.”

“आत्ता?”

“आत्ता. न्हाईतर त्या उठून चालल्या.”

काळी तीनवरून पांढरी तीन. अजून दोन घरं. तीन वाद्यं, आत जाऊन, माउस धरून, एकेक करून. अंतरपाट धरला जात होता. नवरदेव पाटावर चढत होता. भाची मान वळवून माझ्याकडं पाहत होती. माझा मेंदू माउसकडं निघाला होता, पण बोटं त्याच्या आधी निघाली. तीस वर्षांची सवय. ट्रान्सपोजचं बटण, दोनदा. मी उजवीकडं सनईचा एक सूर हळूच लावून पाहिला. खाली उतरलेला, अचूक. बायकोला अंगठा दाखवला. ती मागं पळाली.

सनई ठीक होतीच. पण ट्रान्सपोज दाबल्यावर सगळं गाव दोन घरं सरकतं. सीमेजवळची कळ दाबली तर बेल सीमेपलीकडं वाजते.

भटजींनी पहिलं कडवं म्हटलं. सावधान. अक्षता पडल्या. हॉल शांत झाला, कारण आमच्या सगळ्यांना माहीत होतं आता कोण. मागं अक्का सा ची वाट पाहत होती. मी तानपुऱ्याच्या सा वर बोट ठेवलं आणि प्रेमानं दाबलं.

शिट्टी. लांब. शेवटच्या वळणासकट.

पाचशे माणसांनी एका वेळी माना वळवल्या, आणि त्या माझ्याकडं वळल्या नाहीत. त्या मेव्हण्याकडं वळल्या. तो पहिल्या रांगेत उभा, फेटा बांधलेला, दोन्ही मुठींत अक्षता गच्च धरलेल्या, तोंड उघडं.

“मी न्हाई!” तो ओरडला. “आईची शपथ, मी न्हाई वो! हे बघा, हातात तांदूळ हाय!”

माझा विश्वास बसेना, म्हणून मी पुन्हा तीच कळ दाबली. पुन्हा शिट्टी. मेव्हण्यानं दोन्ही हात वर केले आणि सगळ्या अक्षता त्याच्याच डोक्यावर पडल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

लोक हसायला लागले. आणि त्या हसण्यात मला आठवलं की भिंतीपलीकडं अक्काला यातलं काहीच दिसत नाही. तिला फक्त ऐकू येतंय. ती गायला बसली, आणि हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. दोनदा. मग हशा. भाचीचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिचे खांदे दिसत होते, आणि ते ताठ झाले होते.

मला अक्काला काहीतरी सांगायचं होतं आणि माझ्याकडं फक्त कळा होत्या. तेवढ्यात स्पीकरमधून, चाचांनी जपून सोडलेल्या माइकमधून, सगळ्या हॉलभर आवाज आला:

“कोण रे तो? कुणाच्या लग्नात शिट्ट्या मारायलास? लाज न्हाई वाटत? समोर ये, तांब्याच घालते डोक्यात!”

हॉल गपगार. आणि त्याच श्वासात, सा ची वाट न पाहता, तानपुरा नाही, पेटी नाही, अक्कानं कडवं उचललं.

तो सूर असा आला की चाचा हातातलं टेस्टर घेऊन तसेच उभे राहिले. मी कळांवर हात धरून उभा. तिची ही कुठली पट्टी होती? पांढरी तीन खात्रीनं नव्हती. मी व्हॉल्यूम अगदी खाली आणला, सीमेपासून लांब पेटीच्या भागात सरकलो, आणि आंधळ्यासारखा एकेका कळेवर बोट ठेवत तिचा सा शोधू लागलो. हे नाही. हेही नाही. हं, हा. एका काळ्या कळेवर सापडला. काळ्या कळेवरून गाणं कसं वाजवायचं हे माझ्या बोटांना ठाऊक नव्हतं. मग मी सनई सोडली, पंचम सोडला, सगळं सोडलं. सोळा जणांतला एक पेटीवाला उठवला आणि त्याला फक्त सा धरायला लावला.

कडव्यात तिनं लेकीची चांगलीच काढली होती. ही पोरगी स्वतःचं पांघरूण कधी घडी करत नाही, फोन कानाला लावून दूध उतू घालवते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईच्या कुशीत झोपते, हे सगळं मंगलाष्टकाच्या चालीत, सासरच्यांसकट पाचशे माणसांसमोर. लोक हसत होते, पण आता ते तिच्यासोबत हसत होते. मग लांब सूर आला, तोच, जिथं आवाज चिरकला होता. तो सूर थोडा खरखरला, वाकला, आणि वर जाऊन उभा राहिला.

सावधान.

आणि अक्षता पडल्या. मी नवरीच्या मागं, म्हणजे ज्या अक्षता नवरीला लागल्या नाहीत त्या सगळ्या माझ्या कीबोर्डवर. लॅपटॉपवर, माझ्या फेट्यावर, कळांच्या फटींत. मी बोट उचललं. सा थांबेना. पुन्हा उचललं. सा चालूच. तांदूळ अडकून ती काळी कळ खाली दाबूनच बसली होती.

पुढचं कडवं सुरू झालं होतं. मी कळेला हात लावला नाही. पेटीवाला आपला धरून बसला होता, अक्का गात होती, आणि माझे दोन्ही हात आयुष्यात पहिल्यांदा भर कार्यक्रमात रिकामे होते. मामानं जिथं ठेवायचा तिथं मी हात ठेवला, भाचीच्या खांद्यावर. ती रडत होती, जी रडत नसते ती.

थोड्या वेळानं ती मान न वळवता पुटपुटली, “मामा, खांद्यावर वाजवू नका ना.”

लग्न लागलं. वाजंत्री वाजली. बायकोनं स्टेजवर येऊन पहिलं काम केलं ते प्लग ओढण्याचं. मग अक्का आली, तांब्या हातात तसाच, पाण्यानं भरलेला. तुळशीला थेंबही घातला नव्हता.

“कोण होता तो?”

दहा-बारा बोटं मेव्हण्याकडं वळली. तो बिचारा पुन्हा शपथ घ्यायला निघाला आणि मध्येच थांबला. माझ्याकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

“दाजी! ती लांबवाली! ती माझीच हाय की! केळीतली!”

मग मला सगळं सांगावं लागलं. बटण, सीमा, सरकलेलं गाव. अक्का ऐकत होती. हसली नाही.

“म्हणजे मला कुणी शिट्टी मारलीच न्हाई?”

“न्हाई.”

“मग मी चिडले कुणावर?”

“माझ्यावर.”

“मग ठीक हाय,” ती म्हणाली. “तुझ्यावर चिडायची मला सवय हाय.” आणि तांब्यातलं पाणी ती स्वतःच घटाघटा प्यायली. “पण खाली घेतलं ते बरं केलं बघ. ही खालची पट्टी गळ्याला मानवली. आता हीच ठेव माझ्यासाठी.”

तिचा सूर अजून माझ्या कानात होता. ती लेकीकडं गेल्यावर मी वायर पुन्हा लावली, ट्रान्सपोज काढला, लॅपटॉपवरचा उतारही काढला, आणि नुसत्या पेटीवर तो सूर शोधला. पांढरी पाच. खालची कसली? जिथं पाय डगमगायचा त्या काळी तीनच्याही एक घर वर. संतापानं तिला उचलून तिथं नेऊन ठेवलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. मी कुणाला काही बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि माझ्यासाठी हे फार झालं.

कीबोर्ड घरी उलटा करून आपटला तेव्हा वाटीभर तांदूळ निघाले. एक-दोन दाणे अजून आत आहेत, वरच्या कळा दाबल्या की कचकच करतात.

त्यानंतर अक्का तीन लग्नांत गायली. एक तर आमच्या नांदेडलाच झालं. आता तुळशीची चाल मोडली आहे, ती समोर उभी राहूनच गाते. दर वेळी माइक हातात घेण्याआधी माझ्याजवळ येऊन कानात विचारते, “तीच खालची ठेवलीस ना?”

“तीच,” मी म्हणतो, आणि पांढरी पाच लावतो. लॅपटॉपवर आत जाऊन, एकेक वाद्य, माउसनं.

पुढच्या महिन्यात उदगीरला लग्न आहे. तिची जुनी काळी चार पांढरी पाचवरून फक्त एक घर वर. मी तिला काही सांगणार नाही. पण बोटांचं काय सांगावं, ती माझी स्वस्थ बसत नाहीत.